पडद्यावरील रेषा आणि डोळ्यांची मर्यादा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक प्रदेशात वसलेले कुंभकोणम हे नगर प्रामुख्याने मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. तंजावरच्या मराठी राजवटीच्या काळात येथे अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी जन्मले. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन (१८८७-१९२०) यांचे बालपण आणि शालेय शिक्षणही येथेच झाले. रामानुजन यांच्याविषयी अशी एक आठवण सांगितली जाते की, कागदाची टंचाई असलेल्या दिवसांत निळ्या शाईने लिहून भरलेल्या कागदावरच ते पुन्हा तांबड्या शाईने लिहीत असत. एकाच पृष्ठभागावर दोन निरनिराळे मजकूर आणि त्यांना वेगळे ठेवणारा केवळ रंग!

ही युक्ती रामानुजन यांना पुरेशी होती, कारण दोन्ही मजकूर त्यांचे स्वतःचे होते. लिहिणारा आणि वाचणारा एकच असला, की अस्पष्ट अक्षरही ओळखता येते. परंतु तोच कागद दुसऱ्या कोणाच्या हाती मध्यरात्री, मंद दिव्याच्या उजेडात दिला आणि क्षणार्धात निर्णय घेण्यास सांगितले, तर काय होईल? संगणकांच्या कामगिरीवर देखरेख ठेवणाऱ्या माणसासमोर हाच प्रश्न रोज उभा राहतो. त्याच्यासमोरच्या पडद्यावर पाच-सहा रंगीत रेषा एकमेकींना छेदत पुढे सरकत असतात. त्या रेषांचे रंग दुसऱ्याच कोणी निवडलेले असतात. यांतील कोणती रेषा धोक्याची आहे, हे त्याला एका दृष्टिक्षेपात कळावे लागते.

कुंभकोणममध्येही हा प्रश्न परका नाही. १९०४ साली कुंभकोणम बँक या नावाने स्थापन झालेल्या आणि आज सिटी युनियन बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बँकेचे मुख्यालय याच गावी आहे. बँक असो, रुग्णालय असो किंवा रेल्वेचे आरक्षण असो, आज या सर्वांचे व्यवहार संगणकांवर अवलंबून असतात. आणि संगणक थकू लागला आहे, हे ओळखण्याचे साधन म्हणजे हे आलेख होत. दुसरीकडे, कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर असलेल्या तिरुभुवनम या गावी रेशमी साड्यांचा मोठा व्यवसाय आहे. तेथील विणकर रंगांविषयी जे जाणतात, ते संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्यालाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

कामगिरीचा आलेख म्हणजे काय?

कालमानानुसार बदलणारे आकडे रेषेने दाखविण्याची पद्धत पुष्कळ जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडची आयात आणि निर्यात दोन रेषांनी दाखविली होती. संगणकाच्या कामगिरीचा आलेखही तत्त्वतः असाच असतो. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर मोजलेले परिमाण. प्रोसेसरचा किती वेळ वापरणाऱ्यांच्या कामात गेला, किती वेळ यंत्रणेच्या स्वतःच्या व्यवस्थेत खर्च झाला, किती वेळ डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहण्यात गेला आणि किती वेळ तो रिकामा होता, यांपैकी प्रत्येकासाठी एक रेषा किंवा एक रंगीत पट्टा असतो. मेमरी आणि नेटवर्क यांचेही असेच असते.

या क्षेत्रातील एक आरंभीचे आणि पुढे जगभर पसरलेले साधन टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये उपलब्ध करून दिले. 'एमआरटीजी' या नावाने ते ओळखले जाते. नेटवर्कच्या जोडणीवरून आत येणारी माहिती त्यात हिरव्या भरीव पट्ट्याने आणि बाहेर जाणारी माहिती निळ्या रेषेने दाखविली जाते. ही रंगयोजना साधी दिसते. परंतु ती यशस्वी का ठरली, याचा विचार करू गेल्यास या विषयाचे मर्म हाती लागते. येथे हिरवा आणि निळा हे केवळ दोन वेगळे रंग नाहीत. हिरवा उजळ आहे, तर निळा गडद आहे. हिरवा पट्टा आहे, तर निळी रेषा आहे. म्हणजे रंग ओळखू आला नाही, तरी उजळपणा आणि आकार हे दोघे साक्षीला उभे असतात. चांगल्या आलेखाचे रहस्य यातच आहे: अर्थ वाहून नेण्याचे काम एकट्या रंगावर कधीही सोपवू नये.

उजळपणाचे गणित

मानवी डोळ्याच्या अंतःपटलावर रंगाची जाणीव करून देणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. संगणकाचा पडदाही तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांच्या मिश्रणातूनच सर्व रंग निर्माण करतो. परंतु हे तीन प्रकाश डोळ्याला सारखे उजळ वाटत नाहीत. पडद्यावरील शुद्ध पांढऱ्या रंगाचा उजळपणा १०० मानला, तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५, तांबड्याचा २१.३ आणि निळ्याचा अवघा ७.२ इतका असतो. तांबडा आणि हिरवा मिळून होणारा पिवळा रंग त्यामुळे ९२.८ पर्यंत पोहोचतो, म्हणजे जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ होतो.

यावरून पार्श्वभूमी आणि रेषा यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर काढता येते. ते १ असेल, तर दोहोंत काहीच फरक नसतो. काळा आणि पांढरा यांच्यात ते २१ असते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी हे गुणोत्तर किमान ४.५ आणि आलेखातील अर्थपूर्ण भागांसाठी किमान ३ असावे. आता शुद्ध रंग तपासून पाहिले, तर काय दिसते? पांढऱ्या पार्श्वभूमीवर निळ्या रेषेचे गुणोत्तर सुमारे ८.६ आणि तांबड्या रेषेचे ४ येते. पण हिरव्याचे १.४ आणि पिवळ्याचे अवघे १.०७ येते. म्हणजे पांढऱ्यावरील पिवळी रेषा असून नसल्यासारखीच होय. पार्श्वभूमी काळी केली, की चित्र पालटते: हिरव्याचे गुणोत्तर १५.३ होते, तांबड्याचे ५.३ होते आणि निळ्याचे २.४ इतके खाली येते. दिवसा पांढऱ्या पडद्यावर ठसठशीत दिसणारी निळी रेषा रात्रपाळीसाठी पडदा काळा करताच अंधारात बुडते, याचे कारण हे आहे.

निळ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी संख्येने फार थोड्या असतात आणि दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर, म्हणजे जेथे बारकावे सर्वांत स्पष्ट दिसतात तेथे, त्या जवळजवळ नसतातच. म्हणून शुद्ध निळ्या रंगात काढलेली बारीक रेषा किंवा बारीक अक्षरे काळ्या पडद्यावर वाचणे कष्टाचे होते. तोच निळा आकाशी छटेकडे नेला, म्हणजे त्यात हिरवा प्रकाश मिसळला, की हा दोष दूर होतो.

शेजारचा रंग

आकडेमोड इथपर्यंत आणून सोडते. पुढची गोष्ट रंगाऱ्यांनी शिकविली. पॅरिस येथील गोबलां या राजकीय विणकामशाळेत मिशेल उजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा रंग पुरेसा गडद उतरत नाही, अशी तेथे तक्रार होती. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चित्रणात छाया म्हणून वापरलेली काळी लोकर फिकी दिसे. शेव्रल यांनी त्या लोकरीची उत्तम काळ्या लोकरीशी तुलना केली; तीत काही उणे आढळले नाही. दोष रंगात नव्हता, तर त्याच्या शेजारी असलेल्या निळ्या-जांभळ्यात होता. शेजारच्या रंगामुळे प्रत्येक रंगाचा भास बदलतो, हा सिद्धांत त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

रेशमाच्या विणकरांना हा सिद्धांत ग्रंथावाचूनही ठाऊक असतो. साडीच्या अंगाचा रंग ठरला, की काठाचा रंग त्याच्या सोबतीने निवडावा लागतो. लडी वेगळ्या धरून पाहिलेला रंग मागावर गेल्यावर तसाच दिसेल, अशी खात्री नसते. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घेतले, म्हणजे धूपछाव वस्त्र तयार होते. त्याची छटा पाहणाऱ्याच्या बाजूनुसार पालटते. वस्त्रात हे पालटणे सौंदर्याचे लक्षण मानले जाते. आलेखात मात्र तो दोष ठरतो. एकमेकांवर चढविलेले अर्धपारदर्शक पट्टे पडद्यावर हाच परिणाम घडवितात: निळ्यावर पिवळा चढला, की मध्ये एक तिसराच रंग उत्पन्न होतो आणि तो एखादे नवे परिमाण दाखवीत आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. म्हणून पट्टे एकावर एक रचावयाचे असल्यास ते अपारदर्शक असावेत आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काठाप्रमाणे एक बारीक पांढरी किंवा काळी रेघ असावी. त्या रेघेमुळे शेजारच्या रंगांचा परस्परांवरील परिणाम पुष्कळ कमी होतो.

सर्वांचे डोळे सारखे नसतात

१८७५ साली स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे मृत्युमुखी पडली. हिरवा आणि तांबडा कंदील ओळखण्यात झालेली चूक हे अपघाताचे कारण असावे, असा तर्क फ्रिथिओफ हॉल्मग्रेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडला. त्या विशिष्ट अपघाताविषयीच्या त्याच्या तर्काबद्दल पुढील काळातील संशोधकांनी शंका घेतली आहे; परंतु त्यातून निर्माण झालेली तपासणी महत्त्वाची ठरली. हॉल्मग्रेन उमेदवारासमोर लोकरीच्या रंगीत लडी ठेवी आणि एका लडीशी जुळणाऱ्या छटा निवडावयास सांगे. तांबडा आणि हिरवा यांत भेद न करू शकणारी माणसे या चाचणीत चटकन ओळखू येत. ही माणसे आपल्या कामात कुशल होती आणि त्यांपैकी अनेकांना आपल्या दृष्टीत काही उणे आहे, याची कल्पनाही नव्हती.

हा दोष बहुधा आनुवंशिक असतो आणि त्याचे वाहक जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आहे. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत ते याहून कमी आढळले आहे. तथापि प्रमाण काहीही असले, तरी पंचवीस-तीस माणसांच्या तुकडीत असा एखादा असणे मुळीच अशक्य नाही. सर्व काही ठीक असेल तेव्हा हिरवा ठिपका आणि बिघाड असेल तेव्हा तांबडा ठिपका, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत नेमकी त्याच्यासाठीच निरुपयोगी ठरते.

जपानमधील मासाताका ओकाबे आणि केइ इतो या दोन शास्त्रज्ञांनी, जे स्वतःही अशा दृष्टीचे आहेत, आठ रंगांची एक मालिका सुचविली. तीत काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी आणि तांबूस जांभळा हे रंग आहेत. शुद्ध तांबड्याऐवजी शेंदरी आणि शुद्ध हिरव्याऐवजी निळसर हिरवा घेतल्यामुळे, ज्यांना तांबडा-हिरवा भेद कळत नाही त्यांनाही हे रंग वेगळे ओळखता येतात.

परंतु ही मालिकाही डोळे झाकून वापरता येत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिचे गुणोत्तर काढले असता काळा, निळा, शेंदरी, निळसर हिरवा आणि तांबूस जांभळा हे पाचच रंग ३ ची मर्यादा ओलांडतात. नारिंगी, आकाशी आणि पिवळा मागे राहतात. हे तीन रंग रुंद पट्ट्यांसाठी, गडद कडेसह, वापरावेत; बारीक रेषांसाठी नव्हेत. शिवाय शेंदरी आणि निळसर हिरवा यांचा उजळपणा जवळजवळ सारखाच आहे. आलेख काळ्या-पांढऱ्या छपाईयंत्रावर छापला, तर या दोन रेषा एकाच करड्या रंगाच्या होतात. तेव्हा त्यांपैकी एक सलग आणि दुसरी तुटक काढणे भाग आहे. पुन्हा तेच सूत्र: रंगाच्या जोडीला दुसरा साक्षीदार हवाच.

इंद्रधनुष्याचा मोह

काही आलेखांत रेषा नसतात. तेथे चौकटींचे जाळे असते आणि प्रत्येक चौकटीचा रंग त्या यंत्रावरील भार सांगतो. शेकडो संगणकांची स्थिती एकत्र पाहावयाची असली, की ही पद्धत सोयीची पडते. अशा वेळी निळा, हिरवा, पिवळा, तांबडा असा इंद्रधनुष्याचा क्रम वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु इंद्रधनुष्यातील रंगांना लहान-मोठेपणाचा क्रम नसतो. फिक्यानंतर गडद हा क्रम डोळ्याला आपोआप कळतो. हिरव्यानंतर पिवळा हा क्रम मात्र पाठ करावा लागतो. त्यातच मधला पिवळा सर्वांत उजळ असल्यामुळे दृष्टी मध्यम मूल्यांकडे ओढली जाते आणि टोकाची, म्हणजे खरी महत्त्वाची मूल्ये, दुर्लक्षित राहतात.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. हार्वर्ड विद्यापीठातील मिशेल बोर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हृदयाच्या रोहिण्यांच्या चित्रांवर एक प्रयोग केला. रोहिणीच्या सपाट चित्रात इंद्रधनुषी रंग वापरले असता धोक्याच्या जागांपैकी ६२ टक्के ओळखल्या गेल्या. विचारपूर्वक निवडलेली क्रमबद्ध रंगयोजना वापरली असता हे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले. माहिती तीच होती आणि पाहणारेही जाणकारच होते. पालटली ती केवळ रंगयोजना. संगणकाच्या देखरेखीतही चौकटींसाठी एकाच दिशेने फिक्याकडून गडदाकडे, किंवा काळ्या पडद्यावर गडदाकडून फिक्याकडे, जाणारा क्रमच योजावा.

व्यवहारातील काही पथ्ये

वरील विवेचनावरून आलेख तयार करणाऱ्याने पाळावयाची पथ्ये सहज निष्पन्न होतात. एका आलेखात रेषांची संख्या पाच-सहापेक्षा अधिक वाढू देऊ नये. अधिक परिमाणे असल्यास एकाखाली एक असे लहान आलेख करावेत. पार्श्वभूमीवरील जाळीच्या रेघा फिक्या करड्या असाव्यात, कारण त्या केवळ आधारासाठी असतात. रेषेचे नाव कोपऱ्यातील सूचीत देण्याऐवजी शक्य तेथे रेषेच्या टोकाशीच लिहावे, म्हणजे रंग जुळवीत डोळ्यांना येरझारा घालाव्या लागत नाहीत. एका परिमाणाला दिलेला रंग सर्व आलेखांत तोच राहावा. मेमरी एका पडद्यावर निळी आणि दुसऱ्यावर जांभळी असेल, तर घाईच्या वेळी चूक होणारच. तांबड्या जातीचे रंग संकटासाठी राखून ठेवावेत; नेहमीच्या रेषेला तांबडा रंग दिला, तर खरोखरीचे संकट येईल तेव्हा ते वेगळे दिसणार नाही. आणि संकटाची खूण केवळ रंगाने न देता आकार, अक्षर किंवा जाड रेषा यांपैकी काहीतरी तिच्या जोडीला द्यावे.

यानंतर परीक्षा घ्यावी. चित्रकार डोळे अर्धवट मिटून आपले चित्र पाहतात. त्यामुळे रंगाचे बारकावे मावळतात आणि केवळ उजेड-अंधाराची रचना उरते. आलेखही तसाच पाहावा, किंवा त्याची करड्या रंगातील प्रत काढावी. त्या प्रतीत जी रेषा हरवेल, ती एक दिवस कोणाच्या तरी डोळ्यांतूनही हरवणार आहे, असे समजावे. शेवटी, ज्या पडद्यावर आणि ज्या उजेडात तो प्रत्यक्ष वापरला जाणार आहे तेथे, त्याची ओळख नसलेल्या माणसाला तो दाखवावा आणि कोणती रेषा कशाची, हे विचारावे.

विणकर साडी विणतो ती स्वतःसाठी नव्हे. ती कोणत्या घरात जाईल, कोणत्या समारंभात आणि कोणत्या उजेडात नेसली जाईल, हे त्याला ठाऊक नसते. तरीही रंग जुळविताना त्याला त्या अज्ञात नजरेचा विचार करावा लागतो. आलेख काढणाऱ्याचीही स्थिती तीच आहे. निळ्यावरचे तांबडे अक्षर रामानुजन यांना वाचता येत होते, कारण ते त्यांनीच लिहिलेले होते. पडद्यावरची रेषा मात्र पहाटे तीन वाजता, दमलेल्या डोळ्यांनी, दुसराच कोणी वाचणार असतो. आणि त्याच्या त्या एका दृष्टिक्षेपावर बँकेचा व्यवहार किंवा रुग्णालयाची नोंद अवलंबून असते. रंग निवडावयाचे ते त्याच्यासाठी.